दिसायला सारखं, हॅश मात्र वेगळा: पायथनमध्ये मजकुराचा हॅश काढताना

एका वाचनालयाची पुस्तकयादी नीट करून द्यायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं होतं. यादी दोघांनी टाइप केलेली, एकानं फोनवर आणि दुसऱ्यानं कपाटामागच्या जुन्या डेस्कटॉपवर. साहजिकच पुष्कळ पुस्तकं दोनदा आली होती. मी ठरवलं, प्रत्येक शीर्षकाचा हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारा ठरावीक लांबीचा आकडा, काढायचा आणि तोच त्या नोंदीचा ओळखक्रमांक धरायचा. दोन नोंदींचा हॅश एक आला की एक उडवायची. जेवणाआधी उरकेल असं वाटलेलं काम रात्री अकरापर्यंत चाललं, कारण ज्या शीर्षकांत ‘दुसऱ्या’, ‘दऱ्या’, ‘ॲड.’ असलं काही होतं ती जुळायलाच तयार नव्हती. स्क्रीनवर दोन्ही ओळी तंतोतंत सारख्या. शेवटी दोन्हींची प्रिंट काढली, कागद एकावर एक ठेवले आणि ट्यूबलाइटसमोर धरून पाहिले. रेघ न् रेघ जुळत होती.

घोटाळा कळायला फार वेळ लागला, पण तो एका वाक्यात सांगता येतो: हॅश डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांचा निघत नाही, त्यांच्याखाली साठवलेल्या बाइटांचा निघतो. हे एकदा डोक्यात बसलं की नवशिक्यांना छळणाऱ्या निम्म्याहून जास्त अडचणी आपोआप उलगडतात. म्हणून खालची प्रत्येक पायरी ‘आत्ता नेमके कोणते बाइट आत चाललेत?’ हा प्रश्न मनात ठेवून वाचा.

हॅश म्हणजे काय, थोडक्यात

गिरणीची कल्पना करा. पायलीभर गहू न्या नाहीतर चिमूटभर, पीठ दरवेळी एकाच मापाच्या डब्यात मावतं. तेच दाणे नेले तर तेच पीठ, आणि पिठावरून गहू परत मिळत नाही. एवढ्यावर उपमा थांबवायची, कारण खऱ्या हॅशमध्ये पोत्यातला एक दाणा बदलला तरी अख्खा डबा ओळखू येणार नाही इतका बदलतो. साधारण निम्मे बिट उलटतात.

शा-२५६ (रोमनमध्ये एस-एच-ए) या पद्धतीत हा डबा २५६ बिटांचा, म्हणजे ३२ बाइटांचा असतो. तो लिहून दाखवायचा तर सोळा चिन्हांच्या पद्धतीत, म्हणजे शून्य ते नऊ आणि ए ते एफ वापरून, ६४ चिन्हं होतात. आत एक अक्षर घाला की अख्खी यादी, बाहेर ६४च.

पद्धती अनेक आहेत. एमडी५ ही रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी १९९१ साली केली. २००४ मध्ये शाओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यात टक्कर, म्हणजे एकच हॅश देणारे दोन वेगळे मजकूर, दाखवून दिली. शा-१ची पाळी फेब्रुवारी २०१७ मध्ये आली, जेव्हा गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेनं एकच हॅश असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ फाइली जगासमोर ठेवल्या. शा-३ हे प्रमाण २०१५ सालचं, चांगलं आहे, पण समोरचा माणूस ते मागत नसेल तर तुम्हाला त्याची गरज पडणार नाही. शा-२५६ वापरा आणि पुढे चला.

हे सगळं फक्त प्रोग्रॅमरांच्या खोलीत राहिलेलं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मधलं कलम ६३ पाहा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश लिहायला जागा आहे आणि पद्धत निवडायला शा-१, शा-२५६, एमडी५ आणि ‘इतर’ असे पर्याय आहेत. पहिली आणि तिसरी पद्धत तिथे पाहून भुवया उंचावतात. पण टक्कर घडवायला दोन्ही फाइली आधीपासून आपल्या हातानं रचाव्या लागतात. दुसऱ्यानं केलेल्या फाइलीच्या हॅशशी जुळणारी नवी फाइल बनवणं अजून कुणाच्या आवाक्यात आलेलं नाही. तरीही निवड हातात असताना मी शा-२५६ समोरच खूण करीन.

आता हात घाला

कोडबद्दल आधी एक सूचना. खालच्या ओळी फोनवर कुणाला सांगाव्यात तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. पायथनचे शब्द तुम्ही रोमन लिपीत, सगळी छोटी अक्षरं आणि रोमन आकडे वापरून टाइप करायचे. कॉपी-पेस्ट करता येणार नाही, आणि ते एका अर्थी बरंच आहे. चॅटमधून उचललेल्या कोडबरोबर वळणदार अवतरणचिन्हं येतात आणि पायथन तिथेच अडतो.

पायथन ३ असायला हवा. टर्मिनल उघडून विंडोजवर ‘पाय’ (पी-वाय) आणि लिनक्सवर किंवा मॅकवर ‘पायथन३’ असं टाइप केलं की तीन कंसांची खूण येते. तिथे लिहा:

इम्पोर्ट हॅशलिब

‘हॅश’ आणि त्याला चिकटून एल-आय-बी. हे पायथनबरोबरच येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. पुढे:

मजकूर = "हॅलो"

अवतरणचिन्हांतला शब्द इंग्रजीत लिहा, पाच छोटी अक्षरं. डावीकडचं ‘मजकूर’ मात्र देवनागरीत तसंच ठेवलंत तरी चालतं. पायथन ३ व्हेरिएबलची नावं देवनागरीत घेतो. पुष्कळांना हे माहीतच नसतं. आता सरळ हॅश काढायला जा:

हॅशलिब.शा२५६(मजकूर)

टाइपएरर येईल: स्ट्रिंग आधी एन्कोड करा. पायथन इथे आडमुठेपणा करत नाही, योग्य तोच प्रश्न विचारतोय. स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची माळ. तिचे बाइट कोणत्या पद्धतीनं करायचे हे तुम्ही सांगितल्याशिवाय गिरणीत काय टाकायचं हे त्याला कसं कळणार? म्हणून:

हॅशलिब.शा२५६(मजकूर.एन्कोड("यूटीएफ-८")).हेक्सडायजेस्ट()

यूटीएफ-८ ही अक्षरांचे बाइट करण्याची रुळलेली पद्धत. आता ६४ चिन्हांची ओळ मिळेल. तिची सुरुवात ‘२सीएफ२४डीबीए’ आणि शेवट ‘९३८बी९८२४’ असा असायला हवा. तसा आला तर तुमचा पहिला हॅश बरोबर निघाला. ‘हेक्सडायजेस्ट’ ऐवजी नुसतं ‘डायजेस्ट’ लिहिलंत तर तेच ३२ बाइट कच्च्या रूपात मिळतात; ते वाचायला किंवा एक्सेलमध्ये ठेवायला निरुपयोगी.

आता हीच गोष्ट पायथन न वापरता करून पाहा. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ‘एको’नं हॅलो शब्द छापून तो ‘शा२५६सम’ या आज्ञेकडे पाठवला, तर उत्तर ‘५८९१बी५बी५’नं सुरू होतं. वेगळंच! कारण ‘एको’ शब्दाच्या मागे गुपचूप नवी ओळ जोडतो. आपण पाच बाइट पाठवले असं वाटतं, गेलेले असतात सहा. ‘एको’ला वजा-एन हा पर्याय दिला की ‘२सीएफ२४डीबीए’ परत येतो. ‘माझा हॅश जुळत नाही’ अशी तक्रार घेऊन जितके लोक माझ्याकडे आले, त्यातल्या बहुतेकांचा चोर हाच, शेवटची अदृश्य ओळ.

आणखी एक आकडा ओळखीचा करून ठेवा: ‘ई३बी०सी४४२’. शा-२५६ची ओळ अशी सुरू झाली की समजायचं, आत काहीच गेलं नाही, रिकाम्या स्ट्रिंगचा हॅश निघालाय. एमडी५मध्ये रिकामेपणाची खूण ‘डी४१डी८सीडी९’. कुठल्या कोष्टकात शंभर ओळींना हाच हॅश दिसला तर डेटा वाचणारा कोड तपासा.

विंडोजच्या पॉवरशेलमधलं ‘गेट-फाइलहॅश’ हॅश मोठ्या अक्षरांत दाखवतं आणि पायथन छोट्या. किंमत तीच असते. तुलना करण्याआधी दोन्हींना ‘लोअर’ लावा.

पायथनमध्ये नुसतं ‘हॅश’ नावाचंही एक फंक्शन आहे, काही इम्पोर्ट न करता चालणारं. नवखा माणूस हमखास त्याच्यावर भाळतो. ते पायथनच्या अंतर्गत कोष्टकांसाठी आहे, आणि पायथन ३.३ पासून स्ट्रिंगसाठी त्याचं उत्तर प्रोग्रॅम नव्यानं सुरू केला की बदलतं. आज डेटाबेसमध्ये ठेवलेला आकडा उद्या सकाळी निघणारच नाही. ओळखक्रमांकासाठी त्याच्या वाटेला जाऊ नका.

लपवण्यासाठी हॅश? जरा थांबा

मध्यंतरी एका संस्थेनं देणगीदारांची यादी मला पाठवली. ‘मोबाइल नंबर शा-२५६ करून लपवलेत, आता बिनधास्त वापरा,’ असा निरोप सोबत. गणित करून पाहू. आपल्याकडचे मोबाइल क्रमांक दहा आकडी, सुरुवात ६, ७, ८ किंवा ९नं. म्हणजे शक्यता झाल्या ४०० कोटी. ऐकायला प्रचंड वाटतं. पण सेकंदाला दहा लाख हॅश धरले तरी सगळे क्रमांक चाळून व्हायला ४००० सेकंद लागतात, सव्वा तासाच्या आत खेळ खलास. पिठावरून गहू मिळत नाही हे खरं, पण गव्हाच्या जाती मोजक्याच असतील तर प्रत्येक दळून ताडून बघता येते. जिथे शक्यता मर्यादित आहेत (फोन, जन्मतारीख, पिनकोड), तिथे साधा हॅश म्हणजे पातळ पडदा.

तिथे एचमॅक वापरतात: पायथनचं ‘एचमॅक’ मॉड्यूल मजकुरासोबत एक गुप्त किल्लीही दळतं. किल्ली नसलेल्याला चाळणी लावता येत नाही. अर्थात किल्ली यादीच्याच फोल्डरमध्ये ठेवली, तर कुलूप लावून चावी पायपुसण्याखाली ठेवल्यासारखं.

पासवर्डसाठी तर शा-२५६ एकटा नकोच. तो मुळात वेगवान व्हावा म्हणून घडवलेला आहे, आणि पासवर्ड चोराला वेगच हवा असतो. तिथे मुद्दाम सावकाश चालणारी पद्धत लागते. हॅशलिबमध्येच ‘पीबीकेडीएफ२_एचमॅक’ आणि ‘एसक्रिप्ट’ आहेत. पहिली वापरलीत तर फेऱ्यांची संख्या सढळ ठेवा. ओवास्प ही सॉफ्टवेअर-सुरक्षेवर काम करणारी संस्था शा-२५६सोबत सहा लाख फेऱ्या सुचवते. प्रत्येक पासवर्डात वेगळं मीठ, म्हणजे ‘सॉल्ट’, घालायचं. ‘सीक्रेट्स’ मॉड्यूलमधून १६ यादृच्छिक बाइट घेतले की झालं. मीठ लपवावं लागत नाही, हॅशच्या शेजारी ठेवता येतं. त्यामुळे दोन माणसांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश वेगळे दिसतात.

आता वाचनालयाकडे

मराठी मजकुराला वेगळं काही लागत नाही. तेच एन्कोड, तेच यूटीएफ-८. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइट घेतं. ‘पुणे’ दिसायला दोन अक्षरं, पण आत प, उकार, ण, मात्रा अशी चार चिन्हं, म्हणजे बारा बाइट. ‘लेन’ फंक्शननं दोन्ही मोजता येतात: स्ट्रिंगवर लावलं की चार, एन्कोड केलेल्यावर लावलं की बारा.

त्या रात्री मला वाचवलं ते या मोजणीनं. यादीतल्या एका ‘दुसऱ्या’ची लांबी सात आली आणि जुळ्या भावाची आठ. मग ‘आस्की’ हे फंक्शन लावलं. ते स्ट्रिंगमधलं प्रत्येक बिगर-इंग्रजी चिन्ह त्याच्या युनिकोड क्रमांकानं (युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारं प्रमाण) दाखवतं, त्यामुळे अदृश्य चिन्हंही उघडी पडतात. फोनवरच्या ‘दुसऱ्या’मध्ये ०९३१ होता, म्हणजे अख्खा ऱ, मग हलन्त, मग य. डेस्कटॉपवरच्या ‘दुसऱ्या’मध्ये ०९३० म्हणजे साधा र, हलन्त आणि त्याच्यामागे २००डी. हा शून्य रुंदीचा जोडणारा. त्याला स्वतःला रूप नाही, पण तो असला की र चा रफार न होता डोळ्यांना आडवा अर्धा ऱ दिसतो. कागदावर फरक शून्य, बाइटांत एकवीस आणि चोवीस.

तिसराही प्रकार सापडला: साधा र आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब. हा सगळ्यात सोपा, कारण युनिकोडच्या नियमांनुसार र अधिक नुक्ता आणि ऱ हे एकच आहेत. ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलचं ‘नॉर्मलाइझ’ फंक्शन ‘एनएफसी’ (समान मानलेली चिन्हं एका ठरलेल्या रूपात आणायची पद्धत) असं सांगून चालवलं की दोन्ही एका रूपात येतात. मला वाटलं, संपलं काम. पण जोडणाऱ्याला एनएफसी हात लावत नाही, तिची जास्त कडक बहीण एनएफकेसीही नाही.

मग मी करायला नको ते केलं. २००डी सरसकट पुसून टाकला. हॅश भराभर जुळायला लागले आणि मी खूश. सुदैवानं झोपण्याआधी यादीवरून एक नजर फिरवली तर डोंगरातल्या ‘दऱ्या’चा समुद्राचा ‘दर्या’ झालेला! शाळेत आपण सगळेच शिकलोय, स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांना आणि शिकवणाऱ्या आचार्यांना एका पंगतीत बसवायचं नाही. तो जोडणारा पुसला की नेमकं तेच होतं. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी र-हलन्त-जोडणारा या त्रिकुटाच्या जागी ऱ-हलन्त ठेवायचं, आणि मगच उरलेले जोडणारे काढायचे:

म = म.रिप्लेस("\यू०९३०\यू०९४डी\यू२००डी", "\यू०९३१\यू०९४डी")
म = म.रिप्लेस("\यू२००डी", "").रिप्लेस("\यू२००सी", "")

(‘म’ म्हणजे शीर्षक ठेवलेलं व्हेरिएबल. इथला ‘यू’ रोमन, छोटा, क्रमांकही रोमन आकड्यांत. २००सी हा जोडणाऱ्याचा उलटा भाऊ, न जोडणारा.)

‘ॲड.’चं दुखणं निराळं. ॲ हे चिन्ह, क्रमांक ०९७२, युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक अ लिहून त्यावर चंद्र काढायचे, ०९०५ आणि ०९४५. दिसायला फरक नाही, पण युनिकोड या दोघांना एक मानत नाही, त्यामुळे एनएफसीनं काहीच होत नाही. इथेही ‘रिप्लेस’च करावं लागतं. ‘ऑ’चंही तसंच, आ वर चंद्र काढून लिहिणारे आहेत.

म = म.रिप्लेस("\यू०९०५\यू०९४५", "\यू०९७२")
म = म.रिप्लेस("\यू०९०६\यू०९४५", "\यू०९११")
म = युनिकोडडेटा.नॉर्मलाइझ("एनएफसी", म)
म = " ".जॉइन(म.स्प्लिट())

युनिकोडडेटा आधी इम्पोर्ट करायला विसरू नका, आणि ‘एनएफसी’ मात्र मोठ्या रोमन अक्षरांत लिहा. शेवटची ओळ पुढच्या-मागच्या जागा छाटते आणि मधल्या दोन-तीन जागांची एक करते. एक्सेलमधून आलेली न तुटणारी जागाही त्यात साफ होते. फाइल नोटपॅडमधून आली असेल तर सुरुवातीला एक अदृश्य खूण असू शकते. ती टाळायला फाइल उघडताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-एसआयजी’ द्या. मराठी आणि इंग्रजी आकड्यांचंही ठरवून घ्या, कारण ‘भाग २’ मधला २ कुणी मराठीत टाइप केला असेल तर कुणी इंग्रजीत, आणि कुठलंही नॉर्मलाइझ त्यांना एक करत नाही.

या सगळ्या ओळी एका फंक्शनमध्ये घाला, त्याला ‘स्वच्छ’ नाव द्या, आणि हॅश नेहमी ‘स्वच्छ’मधून बाहेर पडलेल्या मजकुराचाच काढा. एकदा ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ दोन्ही त्यातून पाठवून हॅश वेगळे येतात ना ते बघा, आणि ‘दऱ्या’ची तिन्ही रूपं पाठवून एकच येतो ना तेही.

एक खड्डा मात्र स्वच्छ करूनही राहतो. ओळखक्रमांक शीर्षक आणि लेखक मिळून काढायचा असेल तर दोन स्ट्रिंगा नुसत्या चिकटवू नका. इमारत १२, फ्लॅट ३ आणि इमारत १, फ्लॅट २३ चिकटवले की दोन्हींचं ‘१२३’ होतं, हॅशही एकच. मध्ये एखादं असं चिन्ह घाला जे मजकुरात कधीच येणार नाही. मी टॅब घालतो, कारण वरच्या ‘स्प्लिट’नं मजकुरातले सगळे टॅब आधीच गेलेले असतात.

शेवटचा तंटा ‘ऍड.’ वरून झाला. हे ०९०डी, ए वर चंद्र असलेलं अक्षर, जुन्या टाइपिंगमध्ये ॲ च्या जागी सर्रास यायचं. इथे फरक डोळ्यांना दिसतो, त्यामुळे मी परस्पर बदलायला तयार नव्हतो. ग्रंथपाल बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘अहो, पुस्तकावर छापलंय तसंच राहू दे यादीत. पण पुस्तक एकच आहे, तेवढं तुमच्या मशीनला कळू दे म्हणजे झालं.’ तेव्हापासून मी कोष्टकात दोन रकाने ठेवतो. एकात मूळ शीर्षक, जसं आलं तसं. हॅश दुसऱ्याचा, ‘स्वच्छ’ केलेल्या प्रतीचा, आणि ऍ चा ॲ फक्त तिथेच होतो.